सोडलेला मासा

मित्रांनो, मी एक जुना गळ आहे. बोटाच्या पेराहूनही लहान. पोलादी तार वाकवून मला घडवलं आणि टोकापाशी एक उलटा काटा ठेवला, मासा अडकला की सुटू नये म्हणून. त्या काट्याची मला फार घमेंड होती.

मला विकत घेतलं एका घड्याळजीने. आठवडाभर तो डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करी आणि सुट्टीच्या सकाळी नदी गाठी. मासा लागला की त्याला काठावरच्या तापलेल्या दगडावर ठेवायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. "मी कुणाचा जीव घेत नाही," असं तो छातीठोकपणे सांगे. लोक त्याचं कौतुक करत, आणि मीही फुगून जाई. अशी अकरा वर्षं गेली.

मग एकदा त्याची थोरली बहीण सोबत आली. ती नर्सच्या नोकरीतून नुकतीच निवृत्त झाली होती. एका जागी बसणं तिला जमेना. भाऊ मासे धरत होता, तोवर ती काठाकाठाने नदीच्या वळणापलीकडे गेली. परत आली ती ओंजळीत मेलेला मासा घेऊन.

"हा मघाचाच ना रे?"

त्याने माशाचा ओठ पाहिला. तो मीच फाडला होता. कल्ल्यांशी रक्त साकळलं होतं.

"ताई, मी सोडला होता गं याला! बाकीचे तर मारूनच नेतात."

"त्यांना निदान आपण काय केलं ते ठाऊक असतं. गवतात आणखी दोन अडकलेत, जा, बघून ये." मग तिचा आवाज उतरला. "घड्याळ दुरुस्त केलंस तरी दिवसभर चालवून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाला देत नाहीस. आणि इथे?"

तो बघून आला.

त्या आठवड्यात त्याच्या हातून स्क्रू निसटत राहिले. शेवटी त्याने मला चिमट्यात धरलं आणि बारीक कानशीने माझा काटा घासून टाकला. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण टोचणारं टोक होतंच. अकरा वर्षांत वळणापलीकडे किती मासे मरून पडले असतील, हा विचार मला स्वस्थ बसू देईना.

पुढच्या सुट्टीला मोठा मासा लागला. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघू नये म्हणून घड्याळजीने आधी हात ओले केले, आणि माशाला पाण्याबाहेर न काढताच मला अलगद सोडवलं. तरी मासा कुशीवर कलंडला. घड्याळजी तसाच गुडघाभर पाण्यात उतरला आणि कल्ल्यांतून पाणी वाहावं म्हणून माशाचं तोंड प्रवाहाकडे करून त्याला दोन्ही तळव्यांवर धरून राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बहीण काठावर येरझाऱ्या घालत होती.

"बुटांची वाट लागली तुझ्या."

"लागू दे."

अखेर शेपूट हललं. मासा तळव्यांवरून सरकला आणि खोल पाण्यात शिरला.

"जगेल ना गं ताई?"

"दिसेनासा झाला. याहून जास्त मी नाही सांगू शकत."

त्याने दोरी गुंडाळली. त्यानंतर मी पाणी पाहिलेलं नाही. दुकानातल्या खणात पडून असतो, पण चैन पडत नाही.

मित्रांनो, तुमच्या हाती कधी गळ आला, तर मासा खाणार की सोडणार हे आधी ठरवा. सोडणार असाल, तर तो आपल्या बळावर पोहत जाईपर्यंत पाण्यात उभे राहा. तेवढं थांबायची तयारी नसेल, तर कृपा करून गळ पाण्यात टाकूच नका.