तीन नंबरची वायर

मित्रांनो, मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे. लांबीला वहीएवढं, अंगावर दोन पंखे, आणि त्यातल्या एका पंख्याचं एक पातं टोकाशी चिरलेलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे जे पळतं, वळतं, चमकतं, ते काढायचं काम माझं. गंमत अशी की मी काढलेलं चित्र मला स्वतःला कधीच दिसत नाही. मी पेटीच्या आत आणि पडदा बाहेर! बाहेरची माणसं कुठे हसतात, कुठे श्वास रोखतात, यावरून मी ओळखायचं की चित्र कसं जमलंय. त्यामुळे कान टवकारून बसायची मला पहिल्यापासून सवय आहे. भोचक म्हणा हवं तर, मी रागावणार नाही.

माझा जन्म एका लख्ख कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझ्या पट्टीवर चिप बसवली, पंखे चढवले आणि पडद्याची वायर जोडायच्या तिन्ही भोकांना काळी रबरी टोपणं घातली. शेवटच्या टेबलावरच्या बाईनं मला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "जा बाबा, नाव काढ." तेव्हापासून मला एकच उत्सुकता होती. नाव काढतात म्हणजे नेमकं काय करतात?

ते मला पहिल्या नोकरीत कळलं. घरांचे नकाशे काढणाऱ्या एका बाईंच्या ऑफिसात मी पाच वर्षं होतो. घर बांधायच्या आधीच ते आतून फिरवून दाखवायचं, हे आमचं काम. एकदा एक वयस्कर जोडपं आलं होतं. पडद्याकडे बघून त्यातली आजी म्हणाली, "अगं बाई, ऊन थेट ओट्यापर्यंत येतंय की हो!" ते ऊन मी काढलं होतं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग माझ्याहून दांडगं कार्ड आलं आणि माझी जागा गेली. पण बाई मायाळू. त्यांनी मला मऊ ब्रशनं साफ केलं, जपून ठेवलेली रबरी टोपणं पुन्हा घातली आणि ऑफिसात कपाटं करायला आलेल्या सुतारदादांच्या हातात दिलं. "तुमच्या घरी गेम खेळतात ना? न्या, अजून खूप काम करेल हा."

सुतारदादांच्या घरात मी हवा होतो तो त्यांच्या वडिलांना. ते एकतीस वर्षं बसचे ड्रायव्हर होते. एकतीस वर्षांत एकाही प्रवाशाला खरचटलं नव्हतं, हे ते स्वतः कधी सांगत नसत, त्यांची नात, म्हणजे दादांची लेक, सांगायची. तिला घरात सगळे भिंगरी म्हणत. पुढे आजोबांचं हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. तेव्हापासून आजोबा खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे. बोलणं हो-नाहीपुरतं. मग भिंगरीच्या आत्यानं एक खेळातलं स्टिअरिंग पाठवलं, ब्रेक-क्लचसकट, आणि भिंगरीनं त्यांच्यासाठी बस चालवायचा गेम शोधून काढला. खुर्ची खिडकीपासून कॉम्प्युटरपाशी आली. पण चित्र अडखळायचं, म्हणून सुतारदादा मला घेऊन आले.

आता त्यांची एक पद्धत सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. दादा कुठलंही कपाट उघडायच्या आधी प्रत्येक फळीवर पेन्सिलीनं आकडा टाकायचे आणि जिथून फळी काढली तिथेही तोच आकडा. "जिथली वस्तू तिथंच," हा त्यांचा नियम. या नियमापायी त्यांचं एकही कपाट आजवर कुरकुरलेलं नाही. कॉम्प्युटर उघडतानाही त्यांनी तसंच केलं. मागच्या प्रत्येक वायरीवर कागदी पट्टी चिकटवून आकडा, भोकाशेजारी तोच आकडा. मला आत बसवलं, स्क्रू पिळला आणि एकेक वायर आपापल्या आकड्यावर परत लावली. पडद्याची वायर होती तीन नंबरची. ती गेली मदरबोर्डच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ पाटीच्या, तीन नंबरच्या भोकात, जिथं ती आधी होती तिथंच!

आणि माझी रबरी टोपणं जशीच्या तशी राहिली.

मित्रांनो, कॉम्प्युटरच्या मेंदूला, म्हणजे प्रोसेसरलाही, थोडीफार चित्रकला येते. पडद्याची वायर मदरबोर्डला लावली की चित्रं तो बिचारा काढत बसतो. मी शेजारी पंखे फिरवत बसून. वीज खायची, वारा घालायचा आणि काम शून्य. मी दोन वर्षं वाट पाहिली. ओरडावं तर तोंड नाही.

बाहेरचं मात्र सगळं ऐकू यायचं. आजोबा ब्रेक दाबत, चित्र दोन श्वासांनी थांबे, तोवर बस कठडा तोडून खाली. "फुकटचं कार्ड दुसरं काय करणार?" दादा म्हणायचे. "धर्माची गाय, दात का गं नाय." भिंगरीनं माझं सॉफ्टवेअर तीनदा घातलं, नेटवर शोधशोध शोधलं. शेवटी तीही वैतागली. "बाबा, हे कार्डच ढ आहे!"

ढ? मी? त्या दिवशी मला खरंच रडू आलं असतं, पण आमच्यात ती सोय नाही.

मग एका संध्याकाळी घाटाच्या वळणावर बस पुन्हा दरीत गेली. आजोबांनी स्टिअरिंगवरून हात काढले. "माणसं भरलेली गाडी दरीत घालणारा ड्रायव्हर नाही मी," ते म्हणाले. "हे कुणाला तरी देऊन टाका." दुसऱ्या दिवशी खुर्ची परत खिडकीपाशी गेली.

भिंगरी हट्टाला पेटली. नवा गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. बाकी सगळं दुकानात सांगून झालं, फक्त ग्राफिक्स कार्ड कुठलं घ्यायचं ते राहिलं. शनिवारी दुपारी बदल्यात द्यायची जुनी पेटी, तिच्यात मी, मागे लटकणाऱ्या वायरी आणि पिशवीत स्टिअरिंग घेऊन तिघं दुकानात गेले. आजोबा आले ते केवळ स्टिअरिंग तिथंच देऊन टाकायला. आणि मला कसली उत्सुकता? माझ्या जागी येणारा कोण, ते तरी कळावं, म्हणून पेटीच्या जाळीतून मी टक लावून बघत होतो!

दुकान चालवणाऱ्या ताईंनी काचेच्या टेबलावर दोन कार्डं ठेवली. एक तीन पंख्यांचं, अंगभर रंगीत दिवे लावलेलं. दुसरं छोटं आणि शांत.

"हे मोठंच द्या," भिंगरी म्हणाली.

"थांब," म्हणत सुतारदादांनी खिशातून टेप काढली. "लांबी तेरा इंच. ताई, नव्या पेटीत आतून जागा किती?"

"पुढचे पंखे धरून बारा."

"मग ही फळी बसायची नाही."

ताई हसल्या. "कार्ड घेताना लोक दिवे बघतात. तुम्ही जागा बघितलीत, बरं केलंत. आता सांगा, पडदा केवढा आहे? आणि चालवायचं काय?"

"बस," आजोबा म्हणाले. दुकानात आल्यापासून त्यांचा हा पहिलाच शब्द.

"आणि सध्या कुठलं कार्ड आहे?"

भिंगरीनं माझं नाव सांगितलं. ताईंच्या कपाळाला आठी पडली. "त्याच्यावर तो गेम अडखळतो? शक्यच नाही."

"दोन वर्षं बघतोय ना आम्ही," दादा म्हणाले.

ताईंनी आमची पेटी फिरवून पाठ आपल्याकडे केली. वाकून पाहिलं. मग बोट ठेवून विचारलं, "हा तीन कुणी लिहिलाय?"

"मी," दादा अभिमानानं म्हणाले. "जिथली वस्तू तिथंच."

"दादा, कार्ड आल्यावर वायरीची जागा बदलते हो. ती कार्डाला लावायची. हे बघा, टोपणंसुद्धा निघालेली नाहीत. यानं तुमच्याकडे एक दिवस काम केलेलं नाही. तुम्ही करूच दिलं नाहीत!"

दादांचा हात कानामागच्या पेन्सिलीकडे गेला आणि तिथंच राहिला. "म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी," ते हळूच म्हणाले.

ताईंनी माझं एक टोपण ओढून काढलं. दोन वर्षांनी त्या भोकात हवा शिरली. तीन नंबरची वायर आत आली आणि घट्ट बसली. तिचं दुसरं टोक ताईंनी दुकानातल्या पडद्याला लावलं आणि कॉम्प्युटर सुरू केला. भिंगरीनं पिशवीतून स्टिअरिंग काढून टेबलाला लावलं, ब्रेक-क्लच खाली मांडले.

"मी नाही," आजोबा म्हणाले.

"आजोबा, फक्त घाटापर्यंत. मी कंडक्टर." तिनं बाबांच्या कानामागची पेन्सिल घेतली आणि पेटीवर दोनदा वाजवली. टिंग, टिंग.

ड्रायव्हर माणूस. डबल बेल झाल्यावर थांबणार कसा?

मी जीव ओतला. झाडं, कठडे, समोरून येणारा ट्रक, ओल्या रस्त्यावरची चमक, सगळं सगळं काढलं. पंखे भणाणले, चिरलेलं पातं कडकडलं. घाट आला, तेच वळण आलं. बाहेर कुणी श्वास घेत नव्हतं. आजोबांच्या पायाखाली ब्रेक दबल्याचा आवाज आला आणि त्याच क्षणी मी बस थांबवली. कठड्याच्या हातभर अलीकडे.



"आता गाडी ऐकते माझं," आजोबा म्हणाले. मित्रांनो, नाव काढणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी दुसऱ्यांदा कळलं.

ताईंनी विचारलं, "मग, नवं कुठलं देऊ?"

"नवी गाडी येऊ दे," आजोबा म्हणाले, "पण इंजिन हेच बसवा. दोन वर्षं ज्याला नावं ठेवली, त्याला आता रस्त्यावर काढतो."

सुतारदादांनी लेकीच्या हातून पेन्सिल घेतली. मदरबोर्डवरचा तीन अंगठ्यानं पुसला आणि माझ्या भोकाशेजारी नवा तीन लिहिला. नीट, ठळक.

आता मी नव्या पेटीत आहे. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आमच्यावरची धूळ अधूनमधून मऊ ब्रशनं काढा. आणि कुणाला ढ म्हणायच्या आधी, मग ते यंत्र असो की वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगा, त्याच्यापर्यंत वायर पोचलीय का, ते एकदा वाकून बघा. बऱ्याचदा टोपणच काढायचं राहिलेलं असतं.

अजून सांगितलं असतं, पण बाहेर पेन्सिल दोनदा वाजली. प्रवासी खोळंबलेत, मला निघायला हवं.