पौर्णिमेला बसलेला आवाज

उचगावच्या धोंडीरामांची एसटीत कंडक्टर म्हणून तेहतीस वर्षं गेली. रिटायर झाल्यावर विहारातल्या भन्तेंनी त्यांना जेलचं काम सांगितलं. दर रविवारी जायचं, कैद्यांकडून वंदना म्हणवून घ्यायची, श्वासावर ध्यान शिकवायचं.

पहिल्याच रविवारी फजिती झाली. "डोळे मिटा! श्वासाकडं बघा!" हे त्यांनी असं ठणकावलं, की समोरचे वीसजण खो खो हसले. "पुढं सरकू व्हय, काका?" एकानं विचारलं.

घरी येऊन धोंडीराम म्हणाले, "मी न्हाय जायचो परत."

"का? हसली म्हणून?" त्यांची बायको पारूबाई भाकरी थापत म्हणाल्या. "तिथं हसायला मिळतंय कुठं त्यास्नी? जावा की गप."

ते जात राहिले. आठ महिन्यांत माणसं नीट बसायला लागली. एक आकाराम तेवढा वेगळा. मलकापूरकडचा धिप्पाड गडी. बांधावरच्या भांडणात सख्ख्या भावाचा हात मोडून आत आलेला. तो मागं भिंतीला टेकून खुशाल झोपायचा, कधीकधी घोरायचासुद्धा. धोंडीरामांनी त्याचा नाद सोडून दिला होता.

बुद्धपौर्णिमेला भन्ते स्वतः यायचे होते. सकाळी त्यांचा फोन आला, "ताप आहे, आज तुम्हीच सांभाळा." इकडं आदल्या दिवशी विहारात मंडप घालताना ओरडून ओरडून धोंडीरामांचा घसा पार बसलेला. काढा पिऊन ते तसेच गेले. हॉलमध्ये साठेक कैदी, मूर्तीपुढं मोगरा, मेणबत्त्या, खुर्चीवर जेलचे साहेब. धोंडीरामांनी हात जोडून तोंड उघडलं, तर नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. तेच. कपाळाला घाम फुटला.

तेवढ्यात मागून खणखणीत आवाजात त्रिशरण सुरू झालं. साऱ्या माना वळल्या. आकाराम! शब्द न् शब्द बरोबर, आणि धोंडीराम जिथं खाकरायचे, नेमका तिथंच तोही खाकरला. हशा पिकला, साहेबही हसले. मग सगळेच त्याच्या मागोमाग म्हणू लागले.

पुढं ध्यान. सूचना द्यायला कुणी नव्हतं, तरी माणसं आपापली बसली. इतके दिवस धोंडीराम डोळे उघडे ठेवून कोण हलतंय तेच बघायचे. आज त्यांनीही मिटले. बाहेर चिमण्या, मुदपाकखान्यात भांड्यांचा आवाज आणि आपला श्वास. किती वेळ गेला ते त्यांना कळलंच नाही.

नंतर खीर वाटताना त्यांनी आकारामला कुजबुजत विचारलं, "तू तर झोपायचास की रे?"

"झोपायचोच, काका. रात्री डोळा लागत न्हवता. भावाचं तोंड दिसायचं. तुमचं म्हणणं सुरू झालं की गाढ झोप यायची. असंच पाठ झालं बघा." तो खिरीची वाटी हातात फिरवू लागला. "आज जागा हुतो. भावाला पत्र लिवावं म्हणतोय. मला लिवाय येतंय, पर हात उचलत न्हाय. तुम्ही लिवशिला?"

शिपायानं वहीचा कागद फाडून दिला. धोंडीराम पेन सरसावून बसले.

"लिवा," आकाराम म्हणाला, "आज हितं खीर हुती. तुझी लई आठवण आली."