कचऱ्याची शर्यत

नववीच्या मुलांना खेळातून पर्यावरण शिकवायला एक गृहस्थ आले होते. गळ्यात शिट्टी, हातात कर्णा, डोक्यावर झाडाचं चित्र असलेली टोपी. मी या शाळेत अकरा वर्षं विज्ञान शिकवते आहे. असला एक तरी उंटावरचा शहाणा आमच्याकडे दरवर्षी येतोच.

खेळ सोपा होता. चार गट, एक तास. ज्या गटाचा कचरा वजनाला जास्त भरेल, तो जिंकला. बक्षीस काय, तर प्लॅस्टिकचा करंडक. तोही प्लॅस्टिकच्या पिशवीत.

वीस मिनिटांत मैदान लख्ख झालं आणि कचऱ्याचा दुष्काळ पडला. मग डोकी चालायला लागली. एका गटाने गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका टराटरा फाडल्या. दुसऱ्याने आपले कागद नळाखाली धरून जड केले. तिसऱ्याने तर एका डुगडुगत्या बाकाचा पायच मोडला आणि अख्खा बाक ‘कचरा, कचरा’ म्हणत ओढत आणला.

“वा! काय हा उत्साह!” शिट्टीवाले ओरडले. व्हरांड्यातून मोठ्या बाईंनीही टाळ्या वाजवल्या. मी मनात म्हटलं, आंधळं दळतंय.

चौथा गट पाच मुलींचा. त्यांची म्होरकी म्हणजे जिला सगळा वर्ग आजीबाई म्हणतो ती, तोंडाने फटकळ. त्यांनी एक बादली आणून वजनकाट्यापाशी ठेवली. आत हिरवट-काळं पाणी. वासाने मोठ्या बाईंनी पदर नाकाला लावला.

“पाणी कचऱ्यात धरत नाही, बाळा,” शिट्टीवाले म्हणाले.

“मग कशात धरता? पिणार का?”

वर्ग खिदळला. शिट्टीवाल्यांनी शिट्टी फुंकली. आजीबाई माझ्याकडे वळली.

“बाई, प्रयोगशाळेच्या मोरीचा पाइप मागे फुटलाय. आपण ओततो ते सगळं भिंतीपलीकडे जातं. तिथे शिपाईमामांच्या परसात मामींनी वांगी लावलीत. तुम्हाला माहीत होतं?”

खोटं बोलणं सोपं होतं. पण पाच जणी टक लावून बघत होत्या.

“होतं,” मी म्हणाले.

“केव्हापासून?”

“मी आले तेव्हापासून.”

तिने बादली उचलून माझ्या पायाशी ठेवली. तिच्या फटकळ बोलण्यापेक्षा तेच जास्त लागलं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना हसत आले, आणि मोरीत आम्ल ओतणारा हात माझाच होता.

करंडक बाकवाल्यांना मिळाला. फोटो निघाले. मी मामींना गाठून ती वांगी खाऊ नका म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या तोंडावर दार लावलं.

सोमवारी प्रयोगाच्या तासाला त्या पाच जणी हाताची घडी घालून मोरीपुढे उभ्या राहिल्या. “पाइप दुरुस्त होईपर्यंत इथे थेंबही ओतू देणार नाही.” मोठ्या बाईंनी मला बोलावलं. “मुलींना आवरा.”

“मीही ओतणार नाही,” मी म्हणाले. “आणि लेखी देते.”

मोठ्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. अकरा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच काही लेखी देत होते.

गुरुवारी प्लंबर आला. आम्लासाठी वेगळा कॅन ठेवला गेला, पाइप गटाराच्या लाइनला जोडला गेला. काम चाळीस मिनिटांचं.

“एवढंच होतं,” तो पान्हा पुसत म्हणाला. “कुणी सांगितलं कसं नाही?”

आजीबाईने माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून त्याची हत्यारं गोळा करू लागले.