सात नंबरची पाटी

आठव्या दिवशी सकाळी सात नंबरच्या पिंजऱ्यातल्या कुत्र्याने वस्तादबाईंपुढे पंजा धरला, आणि त्यांनी दारावरची पाटी पुन्हा वाचली.

त्यांनी विशेष काही केलं नव्हतं. पाण्याचं भांडं जाळीखालून आत सरकवताना सवयीने "चल, दे रे हात" असं म्हटलं होतं. कुत्र्यांशी त्या दिवसभर असं काहीबाही बोलत असायच्या. पण या कुत्र्याने बसकण मारली, मान जराशी तिरपी केली आणि उजवा पंजा जाळीला लावला. बाईंनी पुन्हा म्हणून पाहिलं. त्याने पुन्हा लावला.

सात नंबरमध्ये असायला हवा होता रस्त्यावरचा कुत्रा. आठ दिवसांपूर्वी ज्याने बाईंच्या नवऱ्याच्या पोटरीचा लचका तोडला, तो. आता रस्त्यावरच्या कुत्र्याला हात द्यायला कोण शिकवणार?

गेटवरच्या फलकावर ‘प्राणी निवारा केंद्र’ असं ऐसपैस लिहिलं असलं तरी लोक त्या जागेला कोंडवाडाच म्हणायचे. बाई तिथे अठरा वर्षं होत्या. कितीही चवताळलेला कुत्रा असो, बोलत बोलत त्याच्या गळ्यात दोरी टाकायच्या, म्हणून गाडीच्या ड्रायव्हरने त्यांना वस्ताद म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं. बाई कुठल्याच कुत्र्याला भ्यायच्या नाहीत. भ्यायच्या त्या एकाच आजाराला. नोकरीच्या पहिल्याच वर्षी कोंडवाड्याचा पहारेकरी त्यांच्या डोळ्यांदेखत रेबीज होऊन गेला होता. तहानेने जीव कासावीस झालेला, आणि पाण्याचा पेला ओठांजवळ नेला की गळा आतल्या आत आवळायचा. तो आवाज बाई विसरू शकल्या नव्हत्या.

आणि नेमका नवऱ्यालाच कुत्रा चावला. तो प्लंबर. कुणाच्या तरी घरामागे, पाइपाखाली उताणा पडून काम करत होता, तिथे कुत्र्याने पोटरी धरली. कसल्याही तुंबलेल्या गटारात बेधडक हात घालणारा हा माणूस सुईला मात्र लहान पोरासारखा घाबरायचा. दुपारी इस्पितळातून त्याचा फोन आला, "अगं, सुई बघ केवढी आहे! म्हशीला टोचतात तसली!" बाई हसून हसून बेजार झाल्या. तेव्हा त्या पिंजरे धूत होत्या. फोन खांद्याने कानाशी दाबलेला, आणि हातात सात आणि आठ नंबरच्या पाट्या.

पाट्यांची पद्धत बाईंनीच घातलेली. प्रत्येक पिंजऱ्याच्या दाराला पत्र्याची पाटी, तिच्यावर नंबर आणि खडूने लिहिलेली माहिती; पिंजऱ्याला दुसरा नंबर नाही. पाण्याने खडू पुसतो, म्हणून धुण्याआधी पाट्या काढायच्या आणि धुऊन झालं की जागच्या जागी लावायच्या. त्या दुपारी ड्रायव्हर एकाच फेरीत दोन तपकिरी कुत्रे घेऊन आला होता. एक चावरा, त्याला दहा दिवस देखरेखीखाली ठेवायचं. दुसरा एका घरचा. ते कुटुंब गाव सोडून चाललेलं, म्हणून त्यांनी कुत्रा ड्रायव्हरच्या हवाली केला. त्याच्या पाटीवर लिहिलं होतं: ‘गुणी आहे. हात दे म्हटलं की हात देतो.’ पिंजऱ्यात त्यांना ड्रायव्हरने घातलं होतं. बाईंना दोघांची ओळख होती ती पाट्यांपुरतीच.

हसता हसता त्यांनी पाट्या लावल्या. सातची आठला, आठची सातला.

तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या शिंप्याने आठ नंबरचा कुत्रा घरी नेला. आणि बाई रोज संध्याकाळी घरी जाऊन नवऱ्याला सांगत राहिल्या, "तुमचा कुत्रा ठणठणीत आहे. दोन वेळा जेवतो, वर शेपटी हलवतो." सातव्या दिवशी तिसरं इंजेक्शन होतं. नवरा म्हणाला, "मग कशाला उगीच टोचून घ्यायचं?" नियम बाईंना तोंडपाठ होता. दहा दिवस पुरे होईपर्यंत एकही सुई चुकवायची नाही. तरी त्या म्हणाल्या, "राहू दे. तीनच दिवस उरलेत." आपल्याला कुत्रा कळतो, हा अठरा वर्षांचा माज त्यांच्या तोंडून बोलला.

आता पंजा पुढे करून बसलेल्या त्या गुणी जनावराकडे बघताना त्यांनी दारावरची पाटी काढून हातात घेतली. एकदा वाटलं, पाट्या गुपचूप बदलाव्यात. मग पहारेकऱ्याचा गळा आठवला. त्या तशाच धावत गाडीकडे गेल्या.

ड्रायव्हर चाक बदलत होता. "दादा, शिंप्याकडे चला. आत्ता. मी पाट्या उलट लावल्या होत्या."

तो हसला. मग बाईंचं तोंड बघून हसायचा थांबला. "म्हणजे चावरा तिथं आहे?"

"तिथं आहे."

वाटेत बाई मनातल्या मनात एकच गोष्ट मागत होत्या, कुत्रा धडधाकट असू दे. दारात येऊन भुंकू दे, वाटलं तर चावू दे, पण धडधाकट असू दे.

शिंप्याच्या दारात कुणी भुंकलं नाही. म्हाताऱ्याने दार उघडलं आणि त्याचा चेहरा खुलला. "बरं झालं आलात. पोरगं रुसलंय हो. हात दे, हात दे म्हणून मी थकलो. जुन्या माणसांची आठवण येत असेल, नाही का?"

"कुठं आहे काका?"

"मशीनखाली. परवापासून तिथंच आहे. उजेड नको म्हणतो. आणि पाण्याला तोंड लावत नाही."

बाई आत शिरल्या. खोलीत कापडाच्या चिंध्या, इस्त्रीचा वास आणि कोपऱ्यात पायाने चालवायचं जुनं मशीन. त्याच्या खाली तो बसला होता. जबडा वासलेला, तोंडातून लाळेची तार थेट फरशीपर्यंत. बाईंनी त्याच्याशी बोलायला तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. अठरा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. कुत्र्याने त्यांच्याकडे बघितलं, आणि ती नजर कुणालाच ओळखत नव्हती.

"काका, मागे व्हा. हळूच. याने तुम्हाला कुठे चाटलंय का?"

म्हाताऱ्याने हात पुढे केले. सगळी बोटं सुईने टोचलेली. "पहिले दोन-तीन दिवस चाटत होता की. फार मायाळू आहे."

कुत्रा एकदम उसळला. मशीन कलंडलं, रिळं चौफेर पळाली. ड्रायव्हरने लांब काठीचा फास टाकला, तो चुकला. काठी कुत्र्याने दातांत धरली, आणि लाकूड कडकडा फुटल्याचा आवाज बाईंनी ऐकला. दुसरा फास बाईंनी टाकला. तो बसला. गाडीत घालेपर्यंत त्यांचा साडीवर घातलेला कामाचा सदरा भिजून चिंब झाला होता. म्हातारा उंबऱ्यात उभा राहून विचारत होता, "बरा होईल ना हो तो?" त्याला काय सांगायचं? बाईंनी त्याचा दंड धरला आणि त्यालाही पुढच्या सीटवर बसवलं.

कोंडवाड्याच्या डॉक्टरीणबाईंनी जाळीबाहेरूनच बघितलं आणि हातमोजे चढवले. कुत्रा संध्याकाळच्या आत मेला, सात नंबरच्या पिंजऱ्यात, म्हणजे पहिल्यापासून जिथे असायला हवा होता तिथेच. डोकं तपासणीला गेलं. उत्तर काय येणार ते सगळ्यांना माहीत होतं, आणि तेच आलं. बाईंनी स्वतःच्या हाताने रजिस्टरात लिहिलं: पाट्या मी चुकीच्या लावल्या. खाली सही केली.

पण हे सगळं नंतर. त्याआधी, म्हाताऱ्याला इस्पितळाच्या बाकावर बसवून, त्या नवऱ्याच्या कामावर गेल्या. तो एका बाथरूममध्ये गुडघे टेकून नळ आवळत होता. वर बघून म्हणाला, "काय गं, आज कशी काय आलीस? माझा कुत्रा काय म्हणतोय?"

"तो तुमचा नव्हता," बाई म्हणाल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. "तुमचा पिसाळलाय. मी पाट्या उलट्या लावल्या. मीच म्हटलं राहू दे. मीच."

नवऱ्याने पाना खाली ठेवला. मग उठला, हात धुतले, बाईंना हाताला धरून उठवलं. "चल," म्हणाला, "म्हशीची सुई घेऊन येऊ." त्या दिवशी तो सुईला ओरडलासुद्धा नाही, आणि त्याचीच बाईंना जास्त भीती वाटली.

इस्पितळातल्या डॉक्टरने शिंप्यालाही पहिली सुई टोचली, मग तो नवऱ्याला म्हणाला, "दोन इंजेक्शनं झालीत, उरलेली आता चुकवू नका. बहुतेक निभावेल. पण हा आजार महिनोन्‌महिने गप्प बसतो. वाट बघायला लागेल." त्या ‘बहुतेक’ने बाईंची झोप उडवली.

तेव्हापासून रोज सकाळी एक खेळ सुरू झाला. चहाच्या आधी नवरा मोठा पेला भरायचा, बाईंच्या समोर उभा राहायचा आणि घटाघटा पाणी प्यायचा. मग पेला उलटा करून दाखवायचा. "बघ, थेंब नाही ठेवला. म्हैस आहे मी." बाई त्याच्या गळ्याकडे बघायच्या. घाटी वर जायची, खाली यायची, आणि मग कुठे त्यांना श्वास घेता यायचा. याला कशी भीती वाटत नाही, असं त्यांना वाटायचं. कधी कधी त्याचा रागही यायचा.

दीड महिन्याने एका पहाटे त्यांना लवकर जाग आली. शेजारी नवरा नव्हता. स्वयंपाकघरात दिवा होता. बाई अनवाणी दारापर्यंत गेल्या.

तो ओट्याशी पाठमोरा उभा होता. हातात पाण्याचा पेला. पेला ओठांजवळ नेई, थांबे, पुन्हा खाली ठेवी. पाणी ओट्यावर सांडत होतं. शेवटी त्याने डोळे मिटले आणि एक घोट घेतला. गिळला. दुसऱ्या हाताने स्वतःचा गळा चाचपून बघितला. मग ओट्याला धरून, आवाज न करता, तो कितीतरी वेळ तसाच वाकून उभा राहिला.

म्हणजे रोज आपल्यासमोर येण्याआधी तो हे करत होता. एकटा, आधी स्वतःची खात्री करून घेऊन.

बाई आल्या तशाच मागे फिरल्या. अंथरुणावर येऊन तोंडात पदर कोंबून रडल्या. उजाडल्यावर मुद्दाम भांडी आपटत, खोकत, त्या स्वयंपाकघरात गेल्या. नवरा भरलेला पेला घेऊन हसत उभा होता.

"आलात का वस्ताद? बघा, पितोय."

"दाखवा," बाई म्हणाल्या, आणि समोर जाऊन उभ्या राहिल्या.