सरळ झालो तो दिवस

मित्रांनो, माझे पोट वर आणि पाठ खाली दिसली तर लगेच हळहळू नका. मी एक म्हातारा उलटा मासा आहे आणि अगदी ठणठणीत आहे.

माझे पूर्वज आफ्रिकेतल्या काँगो नदीचे. पाण्यात झुकलेल्या पानांच्या खालच्या बाजूला किडे असतात. ते टिपता टिपता आमचे अख्खे कुळ उलटे पोहायला लागले, असे म्हणतात. इतर माशांचे पोट पांढुरके, आमचे काळपट. ती नदी मी पाहिलेली नाही. मी काचेत जन्मलो आणि हवा भरलेल्या पिशवीतून रोह्याला आलो. गेली नऊ वर्षे रोह्याशेजारच्या अष्टमी गावात, भूमिका आणि तिचा नवरा साहिल यांच्या घरातल्या टाकीत राहतो. साहिल कंपनीत शिफ्टला जातो, भूमिका मला दाणे घालते. तुम्ही ज्याला पाण्याचा वरचा थर म्हणता, ती माझी जमीन. तिच्यावर ऊन सांडते, दाणे उगवतात, कधी भूमिकाचे बोट उगवते. इतके नवल रोज पाहायला मिळते, मग कंटाळा कसला येणार?

यंदा उन्हाळ्यात भूमिकाची आई ठमाबाई लेकीकडे राहायला आली. ती पेणजवळच्या धरमतर खाडीकाठची. तिचे सारे आयुष्य मिठागरात गेले. लेकीच्या घरी रिकाम्या हाताने कसे जायचे, म्हणून तिने पिशवीभर जाडे मीठ आणले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहिल कामावर होता आणि भूमिका बाजारात. ठमाबाईने टाकीत डोकावले आणि ती हबकली. खाडीत मासा उलटा झाला म्हणजे तो संपला, हे तिला लहानपणापासून ठाऊक.

"अगो बाय, हा तर चालला!"

तिने हात घालून मला सरळ केले. मी उलटलो. तिने पुन्हा सरळ केले, मी पुन्हा उलटलो. मी पंखांचे काटे घासून कर्रकर्र ओरडलोसुद्धा. आमच्या जातीला तेवढे बोलता येते. तिला ते कण्हणे वाटले.

"रडू नको रे बाला. मिठासारखा औषद नाय."

आणि तिने टाकीत ओंजळभर मीठ टाकले. मग आणखी एक ओंजळ.

मित्रांनो, मी समुद्र कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी तो माझ्या अंगावर आला. एवढ्याशा पांढऱ्या खड्यांत किती ताकद असते! माझे कल्ले जळू लागले. अंगातले बळ गेले, मी तळाला बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळच राहिलो. पाठ वर, पोट खाली.

ठमाबाईने आनंदाने टाळी वाजवली. "बरा झाला!"

तेवढ्यात भूमिका आली. तिच्या हातातली पिशवी गळून पडली. "आये, काय केलंस गो? हा उलटाच असतो. सरळ झाला म्हंजे मरतोय तो!"

ठमाबाईचा चेहरा पडला, पण ती रडत बसली नाही. तिने पाण्यात बोट बुडवून जिभेला लावले. मिठागरातले पाणी चाखून मीठ कधी पिकेल ते सांगणारी ती जीभ! दोघींनी तांब्यातांब्याने खारे पाणी काढले आणि माझ्यासाठी पिंपात साठवलेले शिळे पाणी हळूहळू ओतले. दर वेळी ठमाबाई चाखायची. "हाय खार अजून." पुन्हा तांब्या. "हाय थोडा." दुपार टळली, दोघी जेवल्या नाहीत. शेवटी ती हळूच म्हणाली, "गेला."

माझी आग थांबली होती. माणसाच्या जिभेवर एवढे शहाणपण असते, हे मला काँगोच्या नदीनेही शिकवले नसते. मी कूस बदलली, एक हिसडा दिला आणि पोट वर केले.

"उलटला गो, उलटला!" ठमाबाई ओरडली आणि मग मात्र पदर डोळ्यांना लावून रडली.

मित्रांनो, तिची माया खोटी नव्हती. त्या मायेनेच मी मरणार होतो आणि त्याच मायेने वाचलो. म्हणून माझे एवढे ऐका. कुणाची काळजी घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण तो कसा जगतो हे आधी विचारून घ्या. ठमाबाई आता येते तेव्हा टाकीत हात घालत नाही. काचेपुढे बसते, स्वतःची मान वाकडी करते आणि जग मला कसे दिसते ते पाहत राहते.