डब्याच्या तळाशी ठेवलेलं पत्र

"ह्या मेल्या डब्याचं झाकण म्हणजे माझ्या सासूचं तोंड," नोरीन पुटपुटली. "एकदा मिटलं की मिटलं." आणि तिने लोण्याच्या सुरीचं टोक माझ्या कडेत खुपसलं.

मित्रांनो, तो डबा म्हणजे मी. मी एक जुना, बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. आयर्लंडमधल्या लीट्रिम परगण्यातल्या एका स्वयंपाकघरात, फडताळाच्या वरच्या फळीवर माझी सगळी हयात गेली.

माझा जन्म डब्लिनच्या कारखान्यातला. झाकणावर बर्फ, त्यात एक घोडागाडी आणि कुंपणावर लाल छातीचा पक्षी. नोरीनच्या सासूने मला एका नाताळात विकत घेतलं. बिस्किटं दोन दिवसांत संपली. मग माझ्यात बटणं आली, आणि बटणांना बरणी मिळाल्यावर कागद आले: बाप्तिस्म्याचे दाखले, शेताचा नकाशा, गाईगुरांची नोंदणीकार्डं. कुणी सरकारी माणूस आला की घरधनी टॉमस ऐटीत म्हणायचा, "डब्यात आहे." तेवढ्यावर त्या माणसाचं समाधान व्हायचं. मला फार अभिमान वाटायचा त्या दिवसांत.

आता घोड्याचे पाय गंजात गेले आहेत. पण गंजाची मला लाज नाही. लाज दुसऱ्याच गोष्टीची आहे.

टॉमस आणि नोरीनचा थोरला, डोनल. सात वर्षांपूर्वी कॉलेजातली सगळी पोरं जातात तसा उन्हाळ्याच्या सुट्टीपुरता व्हिसा काढून अमेरिकेला गेला. सप्टेंबरात बाकीची पोरं परतली. डोनल आला नाही, त्याचं पत्र आलं. 'आई, मुदत संपली, पण इथे सुतारकाम मिळालंय. आता बाहेर पडलो तर परत आत घेणार नाहीत. बाबांना तू सांग.' नोरीनने ते दोनदा वाचलं, माझ्या तळाशी अंथरलेला कागद उचलला आणि पत्र पाकिटासकट त्याच्याखाली सरकवून दिलं. आणि मी झाकण घट्ट मिटून घेतलं.

त्यानंतर गावाने एक रीत पाळली. लोक विचारायचे, "डोनल कसा आहे?" नोरीन म्हणायची, "कामात बुडालाय." लोक म्हणायचे, "चांगलंय." येणार कधी, हे कुणीच विचारायचं नाही. गेल्या वर्षी टॉमस गेला, तेव्हाही नोरीनने सांगितलं की विमानं भरलेली होती. डोनलने बापाची माती बॉस्टनमधल्या खोलीत बसून पाहिली, चर्चमधल्या कॅमेऱ्यातून थेट. शवपेटी बाहेर नेताना नोरीनने वर कॅमेऱ्याकडे बघून हात किंचित हलवला. शेजारणीला म्हणाली, रुमाल सारखा करत होते. घरी येऊन मृत्यूचा दाखला माझ्यात ठेवताना तिनेच हे मला ऐकवलं. माझ्याशिवाय कुणाला सांगणार होती?

आज सुरी लागली ती धाकट्या ईडीनसाठी. ईडीन फिडल, म्हणजे आमच्याकडचं व्हायोलिन, वाजवते. अमेरिकेतल्या मुलांच्या एका उन्हाळी शिबिरात फिडल शिकवायला तिची निवड झाली आहे. देशादेशांतल्या देवाणघेवाणीचा व्हिसा लागतो. त्याचा अर्ज आज रात्रीपर्यंत भरायचा, आणि पुढच्या मंगळवारी डब्लिनला मुलाखत. ती टेबलाशी संगणक उघडून बसली होती आणि एकेक प्रश्न मोठ्याने वाचत होती.

"तुम्ही कधी लहान मुलांना सैन्यात भरती केलंय का?"

"तुम्हा पोरांना मी चर्चच्या गाण्याला बळंच पाठवलं होतं, ते धरतात का बघ," नोरीन म्हणाली.

ईडीन हसली. पुढचा प्रश्न वाचताना मात्र तिचा आवाज बारीक झाला. "तुमचे सख्खे भाऊ-बहीण अमेरिकेत आहेत का? असल्यास कुठल्या परवान्यावर?"

"चहा टाकू?" नोरीनने विचारलं.

"आत्ताच झाला, आई."

"मग नाही लिही आणि पुढे चल."

"नाही लिहिलं आणि त्यांना कळलं, तर मला जन्मभर दार बंद."

"आणि हो लिहिलंस तर? म्हणतील, भाऊ राहिला तशी हीही राहील. शिबिर गेलंच म्हणून समज."

"कदाचित जाईल. डोनलला फोन केला होता मी. तो म्हणाला खरं लिही, फक्त आधी आईला विचार." ईडीनने जन्मदाखला शोधायला माझ्यात हात घातला. तळाचा कागद वर आला, आणि त्याच्याखालचं पत्र तिच्या बोटाला लागलं. तिने ते उघडलं नाही, नुसतं टेबलावर ठेवलं. "नाही लिहायचं म्हणजे मला भाऊच नाही असं लिहायचं. ते मला जमत नाहीये."

मित्रांनो, मी पत्र्याचा नसतो तर तेव्हा तोंड लपवलं असतं. मला वाटत होतं, घट्ट मिटणं हाच डब्याचा धर्म. तुमच्या घरीही असा एखादा डबा असेल. त्याला कोरड्यात ठेवा, अधूनमधून पुसा, आणि जे चारचौघांत वाचता येणार नाही ते त्याच्या तळाशी कोंबू नका. गंज पाण्याने चढतो असं लोक म्हणतात. मला तो आतून चढला.

एवढ्यात मागच्या दाराने पॅकी आला. शेजारचा म्हातारा, पूर्वीचा पोस्टमन, हातात अंडी. खुर्चीत बसत त्याने सवयीने विचारलं, "काय मग, डोनल कसा आहे?" आणि त्याची नजर टेबलावरच्या पाकिटावर गेली. ते त्यानेच आणून दिलं होतं, सात वर्षांपूर्वी. तो घाईघाईने अंडी मोजू लागला.

  नोरीनने माझं झाकण हातात घेतलं, पण लावलं नाही. पदराने पुसावं तसं एप्रनने त्यावरचा पक्षी पुसत राहिली.

"हो लिही, ईडीन," ती म्हणाली. मग पॅकीकडे वळली. "तो बॉस्टनला आहे, पॅकी, आणि त्याच्याजवळ कागद नाहीत. विमानात जागा होती. माझ्या लेकाला बापाच्या मातीला येता आलं नाही."