ताणावरची बाग

नागपूरच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे मला एक खोड जडली होती. बेरीज जुळली की कागद खरा आणि कागद खरा ठरला की त्याविरुद्ध बोलणारा माणूस खोटा, असं मी बेधडक मानायचो.

आमच्या भागातल्या कालव्याचं पाणी कोणत्या गावाला किती पाळ्या द्यायचं, याचा आराखडा दर पाच वर्षांनी नवा होई. लागू होण्याआधी तो पाटबंधारे खात्याबाहेरच्या माणसाने तपासायचा, असा नियम होता. त्या माणसाची कालव्याखाली जमीन नको, खात्यात सोयरा नको. माझी इस्टेट म्हणजे सीताबर्डीतल्या दोन खोल्या आणि एक छत्री. म्हणून १९७८ साली मला बोलावणं आलं. माझ्या सहीशिवाय आराखडा पुढे सरकणार नव्हता. निवृत्तीनंतर एवढा भाव मला घरातही मिळाला नव्हता, त्यामुळे मी जरा फुगलोच.

मसुदा केला होता महादेवराव इंजिनिअरांनी. माणूस सरळ, पण कागदाबाहेर मान न काढणारा. थोडक्यात, माझ्यासारखाच. कालव्याच्या टोकाला असलेल्या वडधामणी गावाच्या पाळ्या त्यांनी निम्म्या केल्या होत्या.

"पाच वर्षं सलग डिसेंबरच्या दोन्ही पाळ्यांना त्या लोकांनी स्वतःच्या हाताने गेट बंद केलंय," ते म्हणाले. "ज्यांना नको, त्यांना कशाला द्यायचं? वरची गावं मागताहेत."

मी चार दिवस रजिस्टरं तपासली. एकही आकडा चुकलेला नव्हता. सही करण्याआधी जागा पाहायची, एवढाच नियम उरला होता. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एसटीने वडधामणीला गेलो.

कालव्यावर पाणी वाटणारा म्हातारा पाटकरी नत्थू मला सिंधूताईंच्या बागेत घेऊन गेला. संत्र्याची दीडशे झाडं. बाई वीस वर्षं एकटीने बाग सांभाळत होत्या आणि नव्या आराखड्याची धास्ती सगळ्यात जास्त त्यांनाच होती. त्या चहा ठेवायला झोपडीत गेल्या, नत्थू काटक्या आणायला गेला आणि मी झाडांकडे पाहिलं.

पानं पिवळी, वळलेली. अर्धी खाली पडलेली. जमिनीला भेगा. माझं डोकंच सणकलं. कालव्यात पाणी, गेट बंद आणि झाडं तहानेने मरणाला टेकलेली! बांधावर पिण्याच्या पाण्याची विहीर होती, तिथे बादली होती. मी कोट काढला आणि जवळच्या झाडाच्या बुंध्याशी पाणी ओतायला लागलो. आठवी बादली रिकामी करत होतो तेवढ्यात सिंधूताई ओरडतच आल्या.

"अरे थांबा जी गुरुजी! काहून पाणी ओतून राहिले?"

"लाज नाही वाटत?" मी उलट त्यांच्यावरच ओरडलो. "झाडं मारता आणि वर पाणी मागता?"

नत्थूने काटक्या खाली टाकल्या आणि तो पोट धरून हसायला लागला. सिंधूताई मात्र आधी माझ्या हातातल्या बादलीकडे आणि मग ओल्या मातीकडे पाहत राहिल्या.

"झाडं मरून नाही राहिली जी," त्या म्हणाल्या. "मीच ताण देऊन राहिली. पाणी तोडलं का झाड उपाशी पडते. महिनाभरानं पोटभर पाणी द्या, मंग फुलानं लगडते. डिसेंबरात पाणी पाजलं तर नुसता पाला येते. आता हे झाड पाला देईन पहा."

मी बादली हळूच खाली ठेवली. पोरांनी फळ्यावर चूक दाखवली की कान तापायचे, तसे तापले.

"मग डिसेंबरचं पाणी नको, हे खरंच ना?" मी उसना जोर आणून विचारलं.

"डिसेंबरात नको. जानेवारीत डबल पाह्यजे. दरसाल अर्ज करतो, तुमचं हाफिस म्हणते कोटा संपला."

मी तिथेच बांधावर बसून रजिस्टर उघडलं. डिसेंबरचं पान मी तपासलं होतं. जानेवारीचंही तपासलं होतं. दोन्ही पानं शेजारी-शेजारी ठेवून कधी पाहिली नव्हती. डिसेंबरात न घेतलेल्या पाळ्या दोन. जानेवारीत जादा मागितलेल्या पाळ्या दोन. पाचही वर्षं तेच. आणि पुढे लाल शाईत शेरा: 'गाव लहरी.' मला इतका आनंद झाला की मी नत्थूला मिठीच मारली. त्याला काहीच कळलं नाही, पण त्यानेही मारली.

महादेवरावांना मी सांगून टाकलं, असल्या आराखड्यावर सही करणार नाही.

"पण डिसेंबरचं पाणी जानेवारीत आणायचं कुठून?" ते चिडले.

"तलावातून. डिसेंबरात कालव्यात सोडलं नाही तर ते तिथेच असतं की!"

त्यांनी रजिस्टर ओढून जानेवारीचं पान उघडलं. मग स्वतःशीच हसले. "आम्ही कापूसवाले हो," म्हणाले, "संत्र्याचं काय कळतंय." दुसऱ्या दिवशी ते वडधामणीला जाऊन आले आणि आराखड्यात नवं कलम लिहिलं: बागायती गावांनी ताणाच्या काळात सोडलेल्या पाळ्या त्यांच्याच नावावर जमा धराव्यात आणि मागतील तेव्हा द्याव्यात. वडधामणीचा वाटा होता तेवढाच राहिला. मी सही केली. आयुष्यात इतक्या खुशीने मी कुठेच सही केली नव्हती, लग्नाच्या रजिस्टरातसुद्धा नाही.

जानेवारीत चार पाळ्या पाणी गेलं. फेब्रुवारीत मी मुद्दाम एसटी पकडून गेलो. दीडशेतली एकशे एकोणपन्नास झाडं फुलांनी पांढरी झाली होती आणि वासाने डोकं गरगरत होतं. एक झाड मात्र हिरवंगार, पाल्याने भरलेलं उभं होतं. नत्थू प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवायचा. "हे गुरुजीचं."

पुढच्या नोव्हेंबरात सिंधूताई संत्र्यांची टोपली घेऊन सीताबर्डीला घरी आल्या. टोपली ठेवली आणि पदराची गाठ सोडून सात संत्री वेगळी माझ्या हातात दिली.

"हे तुमच्या झाडाचे. एवढेच आले."

"चुकलंच माझं," मी म्हणालो. तीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारलं.

"चुकले म्हणून तर बांधावर बसून पाहलं जी तुम्ही," त्या म्हणाल्या. "पाच वर्षानं तपासाले तुम्हीच या. बादली मी लपवून ठेवीन."

त्या सातांतलं एक मी त्यांच्यासमोरच सोललं. चांगलंच आंबट होतं. मी बियांसकट सगळं खाल्लं.